वाघाच्या पंजाइतकी उंची

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी न चुकता वाचते, पण विश्वास ठेवायला नाही, चूक शोधायला. कोणी लिहितं, बंद खोलीतला पंखा आपोआप फिरला – मी म्हणते, आधी वायरिंग तपासा. कोणी लिहितं, दारावर थाप पडली – मी म्हणते, कडी सैल असेल. यवतमाळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. मीटरपट्ट्या, व्हर्निअर, स्टॉपवॉच, काचेची भिंगं... सगळं मोजून द्यायचं, मोजून परत घ्यायचं. नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावते – वाचन घेताना डोळा रेषेच्या अगदी समोर हवा. वरून पाहाल तर एक आकडा दिसेल, खालून पाहाल तर दुसरा. घरीही मी अशीच. किराणा, औषधं, प्रवासाचं सामान – फ्रिजवर यादी लागल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. नवरा म्हणतो, "यम आला तरी त्याले थांबवशीन तू... थांबा बाप्पा, यादी व्हायची हाय अजून."

सांगायचं इतकंच, की मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आजही नाही. पण माझं एक वाचन कुठेतरी चुकलं आहे आणि ते कुठे चुकलं हे मला सापडत नाही. म्हणून लिहिते आहे.

माझी धाकटी बहीण शुभा दिग्रसला असते. तिचे यजमान भास्करराव तिथल्या एका जिनिंगमध्ये मशीनवर आहेत. त्यांना दोन मुलं. मोठी मृण्मयी, म्हणजे मिनू. तिच्यामागे दोन वर्षांनी आदित्य, आमचा आदू.

इथे आमच्या माहेरची एक पद्धत सांगावी लागेल. आमची आई घाटंजीची. मुलाच्या वाढदिवसाला ती त्या हंगामातल्या कापसाचं सूत टकळीवर काढायची. मग मुलाला मधल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं, टाचेपासून डोक्यापर्यंत सूत धरायचं आणि तेवढं कापायचं. दोन्ही टोकांना गाठ मारून हळदीच्या पाण्यात बुडवायचं, वाळलं की गुंडाळून डब्यात. दरवर्षी एक दोरा. लग्नाच्या दिवशी ते सगळे दोरे एकत्र वळून वात करायची आणि मांडवात पहिला दिवा त्या वातीचा लावायचा. माझाही लावला होता, शुभाचाही. मी याला श्रद्धा वगैरे म्हणत नाही. वाढीची नोंद ठेवायची एक चांगली रीत आहे, बस्स. मला मूल नाही, त्यामुळे टकळी शुभाकडे गेली. कापूस भास्करराव आणायचे, जिनिंगमधल्या ढिगातून लांब धाग्याचा, निवडून.

मिनूला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार काय असतो ते बहुतेकांना सांगावं लागत नाही. सांधे दुखायचे, थंडीत त्रास व्हायचा, शाळा बुडायची. आणि उंची वाढायची नाही. दरवर्षीचा दोरा आधीच्या दोऱ्यापेक्षा जेमतेम नखभर मोठा. पोरगी मात्र तोंडानं मिरची. कोणी विचारलं, "कितवीत हायेस व बाई, दुसरीत?" तर म्हणायची, "पाचवीत हाय. मी घडी घालून ठेवलेली हाय."

नागपूरकडे एक मोठं थीम पार्क आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोनदा मुलांना घेऊन गेलो. तिथे एक उंच राइड आहे, रुळावरून वर चढते आणि एकदम खाली येते. तिच्या रांगेच्या तोंडाशी प्लायवूडचा एक वाघ उभा केलेला. त्याचा एक पंजा आडवा पुढे आलेला, आणि खाली लिहिलेलं – डोकं माझ्या पंजाला लागलं तरच आत या. म्हणजे चार फूट चार इंच. पहिल्या वर्षी मिनू त्या पंजाखालून सहज निघाली. रांगेतली बाकीची पोरं वर गेली, किंचाळली, हसत उतरली. ती कठड्याला धरून सगळं बघत होती. दुसऱ्या वर्षी ती केसांचा उंच अंबाडा बांधून आली. तिथल्या मुलानं हसून अंबाड्यावर हात दाबला. पुन्हा कमी.

मला वाटलं रडेल. तिनं वाघाच्या तोंडासमोर बोट नाचवलं. "पाह्य वाघोबा, मी पुढच्या वर्षी येतो म्हंजे येतो. तू पळून नको जाजो. थांबजो इथंच."

मार्चमध्ये तिचा वाढदिवस झाला. मीही गेले होते. दोरा कापला, हळदीतून काढला, वाळला. मी टेप आणली होती, मोजला. वाघाच्या पंजाला दोन बोटं कमी. मिनूनं स्वतःची दोन बोटं आडवी धरून नीट पाहिली. "हे तं मी उन्हाळ्यातच वाढतो मावशी. मे महिन्यात जाऊ."

मे महिन्यात शुभानं नाही म्हटलं. उन्हाचे दिवस, मिनूला पाणी कमी पडलं की लगेच दुखणं उठायचं... शुभाचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. "दिवाळीत जाऊ, बेटा. तवरिक उंची बी भरते," असं ती म्हणाली. पावसाळ्यात मिनूला ताप आला. छाती भरली. आठवडाही निघाला नाही.

त्यावर जास्त लिहीत नाही.

मार्चनंतरच्या त्या चार-पाच महिन्यांत तिची उंची कोणी मोजली नाही. का मोजायची? पुढच्या वाढदिवसाला मोजणारच होतो. पण शुभाच्या डोक्यात तेच घुसलं. हातातलं काम टाकून एकदम म्हणायची, "अक्का, मे महिन्यात भरली असन का व तिची उंची? दोन बोटंच तं होती. मी नेलं असतं तं बसली असती का ती?" मी काय सांगणार? मोजलेलं नसताना मी आकडा सांगत नाही. "माहीत नाही गं," एवढंच म्हणायचे. तिला तेच उत्तर सगळ्यांत जास्त लागायचं, हे मला दिसत होतं.

दोऱ्यांचा डबा देवघराखाली तसाच राहिला. मूल गेलं तर त्याच्या दोऱ्यांचं काय करायचं, हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. तिच्यावर ती वेळच आली नव्हती.

त्या वर्षी आदूचा वाढदिवस आला तेव्हा शुभानं टकळी काढली नाही. "राहू दे या वर्षी," म्हणाली. भास्करराव कापूस घेऊन आले होते, तो पिशवीत तसाच खुंटीला टांगून ठेवला. का, ते सगळ्यांना कळत होतं. आदू अंगानं चांगला, भराभर वाढणारा. त्याचा दोरा कापला असता तर तो मिनूच्या शेवटच्या दोऱ्याएवढा भरला असता. आणि पुढच्या वर्षी तिच्यापेक्षा मोठा.

काही महिन्यांनी शाळेतून निरोप आला. पीटीचे सर म्हणाले, हा मुलगा रांगेत सरळ उभा राहत नाही, गुडघ्यात वाकून उभा राहतो, डॉक्टरांना दाखवा. दाखवलं. एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठणठणीत आहेत, सवय लागली असेल. भास्करराव ओरडले, मग गोंजारलं. काही उपयोग नाही. पोरगं घरात चालायचं ते खांदे पाडून, गुडघे दुमडून, म्हाताऱ्यासारखं.

एका रविवारी मी दिग्रसला होते. शुभा त्याच्या शाळेच्या पँटची दुमड उसवून लांब करत होती आणि टाके घालता घालता डोळे पुसत होती. आदू दारात उभा राहून ते पाहत होता. मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं, कुल्फी घेऊन दिली आणि सरळ विचारलं, "काहून वाकून चालतोस रे?"

त्यानं कुल्फी काडीपर्यंत चाटली. मग म्हणाला, "मी वाढून राह्यलो ना मावशी, तं आई रडते."

"तसं नाही रे..."

"हाव. ताई मोठी होती. मी तिच्याहून मोठा कसा होऊ?"

लॅबमध्ये काही फुटलं की मी आधी झाडू आणते, मग बाकीचं. त्या दिवशी कुठून सुरुवात करायची तेच कळेना. शेवटी मी ठरवलं की याला त्या वाघासमोर उभं करायचं. आपली उंची भरली, यात कोणाचं काही हिरावलं जात नाही, हे त्याला तिथेच कळेल असं वाटलं. शुभा म्हणाली, "तू ने. माह्या पायानं तिथं जाणं नाही होत."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. यवतमाळहून नागपूरची एसटी, पुढे ऑटो. यादीप्रमाणे सगळं घेतलं होतं – पाणी, टोपी, जादा कपडे, लिंबाच्या गोळ्या. आदूच्या खिशात काय आहे ते माझ्या यादीत नव्हतं.

वाघ तिथेच होता. रंग थोडा उडालेला, एक कान तुटलेला. पंजाजवळ या वेळी एक मुलगी होती, विशीतली, डोक्यावर पार्कची टोपी. तिनं आदूला पंजाखाली उभं केलं आणि ती हसायलाच लागली. "काय रे हिरो! इथं येऊन लोकं टाचा उचलते, अन् तू गुडघे वाकवून राह्यला? सरळ उभा राय ना."

आदू सरळ झाला नाही.

"आदू," मी म्हटलं. "मागे रांग आहे."

"पह्यले ताईचं," तो म्हणाला, आणि त्यानं खिशातून पिवळा दोरा काढला.

डब्यातून त्यानं तो कधी काढला मला माहीत नाही. शेवटचा दोरा, दोन्ही टोकांना गाठी असलेला. ती मुलगी म्हणाली, "हे काय हाय काकू?" मी दोन वाक्यांत सांगितलं. याची मोठी बहीण होती, तिला या राइडवर बसायचं होतं, हे तिचं माप आहे. ती मुलगी हसायची थांबली. तिनं मागच्या रांगेला हात केला. "थांबा जरा, दोन मिनिटं." आणि आदूला म्हणाली, "आण. खालचं टोक तू धर."

मी मध्ये पडायला हवं होतं, कारण पुढे काय होणार ते मला माहीत होतं. दोन बोटं कमी. मी स्वतः मोजलं होतं. या पोराच्या डोळ्यांदेखत त्याची बहीण तिसऱ्यांदा नापास होणार होती. पण तोपर्यंत आदू खाली बसला होता. त्यानं खालची गाठ वाघाच्या पायापाशी जमिनीवर अंगठ्यानं दाबून धरली. मुलीनं वरची गाठ चिमटीत धरून वर नेली.

सवयीनं मी वाकले. डोळा पंजाच्या रेषेसमोर आणला.

गाठ पंजाच्या वर होती.

फार नाही, बोटभर. मी म्हटलं, "ताणू नकोस."

"ताणला कुठं काकू? पाहा ना, ढिलाच हाय." तिनं चिमूट हलवली. दोरा मधे किंचित झुलला. ढिला होता. तरी वर होता. मी खाली बसून आदूचा अंगठा उचलला. गाठ अंगठ्याखाली, जमिनीला टेकलेली. मी तिथे माझा अंगठा ठेवला आणि आदूला बाजूला केलं. मग मुलीला खाली धरायला लावून वरची गाठ मी स्वतः धरली. जे काय करायचं ते सगळं मी केलं. मागे कोणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"भरते ना," ती मुलगी म्हणाली. "चांगली भरते. बसू द्या दोघांले."

आदूनं माझ्या हातातून दोरा घेतला, नीट गुंडाळून खिशात ठेवला आणि चेन लावली. मग पंजाखाली जाऊन उभा राहिला. सरळ. कितीतरी महिन्यांनी मी त्या पोराची पूर्ण उंची पाहिली. मान ताठ, खांदे मागे. डोकं पंजाला टेकलं, ना कमी ना जास्त.

मुलीनं त्याला बसवलं. शेजारची जागा तिनं कोणाला दिली नाही. कोणीतरी कुरकुर केली तर म्हणाली, "ते भरली हाय." रिकाम्या जागेचा दांडाही तिनं खाली ओढून बंद केला, हलवून पाहिला. मी आदूची टोपी हातात धरून, मिनू ज्या कठड्याशी उभी असायची तिथे उभी राहिले. गाडी वर गेली. मला काही दिसलं नाही, कोणाचा आवाज आला नाही. फक्त आमचा आदू गळा फाडून ओरडत होता, आणि ते ओरडणं हसण्याचं होतं. बाकी जागा रिकामी होती, रिकामीच उतरली. जे झालं नाही ते मी लिहिणार नाही.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"कायचं?" तो म्हणाला. "वाढलीच असन ना ताई मधात. तूच म्हणे, मोजलं नाही म्हणून." आणि माझ्या दंडावर डोकं टेकून झोपला.

दुसऱ्या दिवशी दिग्रसला मी भास्कररावांसमोर शुभाला जसं घडलं तसं सांगितलं. तिनं आदूकडून दोरा घेतला आणि मधल्या दाराच्या चौकटीला धरला. मी टेप लावली.

दोन बोटं कमी.

तोच दोरा. त्याच गाठी, आईच्या पद्धतीच्या, दुहेरी पिळाच्या – सोडून पुन्हा बांधल्या असत्या तर हळद तडकली असती. मला आधी वाटलं, वाघच चुकीचा. जमीन खचली असेल, प्लाय वाकलं असेल. म्हणून त्याच चौकटीला आदूला उभं करून मोजलं. चार फूट चार इंच, बरोबर. तो वाघाखालीही बरोबर पंजाला लागला होता. म्हणजे वाघ बरोबर होता. मग वाटलं, खिशातल्या घामानं सूत सैल पडलं असेल. पुढे कधीतरी तशाच कापसाचा दोरा काढून, हळद लावून, ओला करून, हातात धरून, ताणून सगळं पाहिलं. ओला केला तर आखडतो. ताणला तर तुटतो. दोन बोटं आणि वर आणखी बोटभर वाढून, परत येताना पुन्हा तेवढाच होणारा दोरा मला करता आला नाही. लॅबमधल्या सरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, वाचन चुकलं असेल. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं.

त्या दिवशी मी आदूला मोजत होते तेव्हाच शुभा खुंटीवरची कापसाची पिशवी घेऊन बसली होती. टकळी पुसून घेतली. सूत पहिल्यांदा तुटलं. दुसऱ्यांदा जमलं. "आदू, ये इकडे," म्हणाली. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. आदू चौकटीला पाठ लावून उभा राहिला आणि एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं.

"सरळ राय," शुभा म्हणाली. "ताईची भरली ना तिथं? मंग तू कायले भेतोस? राय सरळ."

तिनं दोरा कापला. कापताना रडली, पण कात्री थांबवली नाही. आता डब्यात तो मिनूच्या दोऱ्यांशेजारी आहे, तिच्या शेवटच्या दोऱ्यापेक्षा दोन बोटं मोठा. पोरगं आता ताठ चालतं. परवा पीटीच्या सरांनी त्याला रांगेत मागे टाकलं, उंच मुलांत.

त्या वेळी दिग्रसहून निघताना भास्करराव मला स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली, मी पायरीवर चढले, तेव्हा हळूच म्हणाले, "अक्का, लय बरं केलं तुमी शुभाले तसं सांगून."

ते समजत होते की मी खोटं बोलले. तिच्या समाधानासाठी एक गोष्ट रचली. मी बोलायला तोंड उघडलं, पण कंडक्टरनं बेल दिली. आणि मी सांगितलं असतं तरी काय? टेप त्यांच्यासमोर लावली होती. नवऱ्यालाही तसंच वाटतं. हे वाचून तुम्हालाही वाटेल, आणि तुमच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

शुभा अजूनही फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी विचारते. "अक्का, खरंच भरली होती ना?"

मोजलेलं नसताना मी आकडा सांगत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणूनच ती मला विचारते. कसं भरलं ते मला माहीत नाही, कधी कळेल असंही वाटत नाही. पण डोळा रेषेच्या समोर होता.

"भरली होती," मी म्हणते.